चिमणीविना घराचे केंद्र: बैठकीच्या खोलीचा एक छोटा इतिहास

१. पाठाची सुरुवात एका कागदाने

पुढे वाचण्याआधी एक कोरा कागद घ्या. आपल्या घरातील बैठकीच्या खोलीचा साधा आराखडा काढा. वसतिगृहात राहत असाल तर आठवून काढा. दार, खिडक्या आणि बसायच्या जागा दाखवा. आता रात्री आठच्या सुमारास घरातील प्रत्येक जण जिथे बसतो तिथे एक टिंब द्या, आणि त्याची नजर ज्या दिशेला असते त्या दिशेला एक बाण काढा.

सगळे बाण एकाच जागी मिळतात का? मिळत असतील तर ती जागा हे तुमच्या खोलीचे केंद्रस्थान आहे. मिळत नसतील तर हा पाठ तुमच्यासाठी अधिकच उपयोगाचा आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही. परंतु रेखाटनाच्या तासाला हा आराखडा मी अनेक वर्षे काढून घेत आले आहे. पूर्वी बहुतेक कागदांवर सगळे बाण टीव्हीकडे जात. अलीकडच्या कागदांवर ते कुठेच मिळत नाहीत. प्रत्येक बाण आपल्याच हातातल्या फोनवर येऊन थांबतो. हा बदल कसा झाला, हे शोधताना मी भलतीकडेच, म्हणजे युरोपातील घरांच्या चिमणीपाशी जाऊन पोहोचले.

गृहसजावटीच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास असतो: खोलीत फायरप्लेस आणि चिमणी नसेल, तर नजर खिळवणारी जागा कशी तयार करावी? उत्तरे ठरलेली असतात. मोठे चित्र लावा, आरसा लावा, एक भिंत वेगळ्या रंगाने रंगवा. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत. चिमणीने नेमके काय केले होते हे समजल्याशिवाय तिची जागा कशाने भरायची हे ठरवता येत नाही. या पाठात आपण तेच समजून घेणार आहोत.

२. ‘फोकस’ म्हणजे चूल

भिंगाच्या किंवा आरशाच्या संदर्भात ‘फोकस’ हा शब्द आपण शाळेपासून वापरतो. मूळ लॅटिन भाषेत ‘फोकस’ या शब्दाचा अर्थ आहे घरातील चूल, शेकोटीची जागा. पुढे याच शब्दापासून इटालियन, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतील ‘आग’ या अर्थाचे शब्द तयार झाले. गणितात आणि प्रकाशशास्त्रात तो योहानेस केप्लर याने रूढ केला. १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात त्याने शांकवांच्या संदर्भात हा शब्द वापरला. बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण जिथे एकत्र येतात तिथे कागद पेटतो, तेव्हा त्या बिंदूला चूल म्हणणे किती नेमके आहे ते पाहा.

मराठी पाठ्यपुस्तकांत याच बिंदूला ‘नाभी’ म्हणतात. नाभी म्हणजे बेंबी, आणि नाभी म्हणजे चाकाचा तुंबा, ज्यात सगळे आरे येऊन बसतात. एका भाषेने चूल निवडली, दुसरीने चाकाचा मध्य. दोन्ही शब्दांत कल्पना एकच आहे: अनेक दिशांनी येणारे जिथे एकत्र येते ती जागा.

रोमन लोकांच्या घरात या चुलीला धार्मिक महत्त्व होते. चुलीची देवता वेस्टा. तिचे वर्तुळाकार मंदिर रोमच्या मुख्य चौकात होते आणि तिथला अग्नी अखंड तेवत ठेवला जाई. आपल्याकडे वैदिक गृहस्थाच्या तीन अग्नींपैकी एकाचे नावच ‘गार्हपत्य’, म्हणजे गृहपतीचा अग्नी, असे आहे. घर म्हणजे जिथे आग राखली जाते ती जागा, ही समजूत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे.

३. वर्तुळाचे अर्धवर्तुळ होते

इंग्लंडच्या केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. त्यातील मोठे दालन १३४१ सालचे आहे. या दालनात भिंतीत फायरप्लेस नाही. जमिनीच्या मधोमध अष्टकोनी शेकोटीची जागा आहे. त्या काळातील दालनांची ही सर्वसाधारण रचना होती. आग मधोमध, लोक सभोवती, आणि धूर उंच छपरापर्यंत चढून तिथल्या फटींतून बाहेर. डोळे चुरचुरत, छप्पर काजळीने काळे होई, पण आगीच्या चारही बाजूंना बसता येई.

चिमणी किल्ल्यांत आणि मठांत बाराव्या शतकापासून दिसू लागली. सामान्य लोकांच्या घरांत ती पोहोचायला सोळावे शतक उजाडले. १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने नोंदवले आहे की, त्याच्या गावातील म्हाताऱ्या लोकांना आपल्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांपैकी एक वाटतो तो म्हणजे जिकडेतिकडे उभ्या राहिलेल्या चिमण्या.

बदल मोठाच होता. धूर नळीत कोंडला गेल्यामुळे उंच दालनाला मधे तक्तपोशी घालून वरचा मजला काढता आला. प्रत्येक खोलीला वेगळी आग देता येऊ लागली, म्हणजेच मालकाला नोकरचाकरांपासून वेगळे बसता आले. लाकूड महाग झाल्यावर लोक दगडी कोळसा जाळू लागले. त्याचा धूर इतका झोंबणारा असतो की चिमणीशिवाय तो घरात जाळणे अशक्यच होते.

पण आपल्या आराखड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल भूमितीचा आहे. आग खोलीच्या मध्यातून भिंतीत गेली. वर्तुळ अर्धे झाले. शिवाय चिमणीतून वर जाणारी गरम हवा खोलीतील हवा ओढून नेई आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येई. परिणामी तोंड भाजत असे आणि पाठ गारठत असे. उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंना कान असलेल्या खुर्च्या आल्या त्या या वाऱ्यापासून वाचण्यासाठी. १७९६ साली काउंट रमफर्ड याने फायरप्लेसची खोली कमी करून, बाजूच्या भिंती तिरप्या करून आणि धुराचा गळा अरुंद करून अधिक उष्णता खोलीत फेकणारी रचना सुचवली. तरीही बरीचशी उष्णता चिमणीवाटे आकाशातच जाई.

फायरप्लेस ही घराची ओळखच बनली होती. १६६२ साली इंग्लंडमध्ये घरपट्टीसारखा एक कर आला तो शेकोट्या मोजून: प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग. मोजणीदार घरात शिरून शेकोट्या मोजत, म्हणून हा कर फार अप्रिय झाला आणि १६८९ साली रद्द करावा लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हेर्मान मुथेसियस या जर्मन वास्तुतज्ज्ञाने इंग्रजी घरावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. फायरप्लेस नसलेल्या खोलीची इंग्रज माणूस कल्पनाच करू शकत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. जर्मनीतील बंदिस्त शेगडी अधिक ऊब देते हे ठाऊक असूनही इंग्रज उघड्या आगीला चिकटून होता, कारण ती दिसते.

४. चिमणी थंडावते

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुके आणि कोळशाचा धूर यांचा दाट थर बसून राहिला. वारा पडला होता, थंडी होती आणि लक्षावधी घरांच्या शेकोट्या पेटलेल्या होत्या. सरकारी अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० च्या आसपास मानला आहे. ज्या आगीभोवती कुटुंब बसत होते तिचाच धूर शहराच्या फुप्फुसांत जात होता.

१९५६ साली ब्रिटनच्या संसदेने स्वच्छ हवेचा कायदा केला. नगरपालिकांना धूरनियंत्रित क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला आणि घरातील शेकोट्या बदलण्यासाठी अनुदानाची सोय झाली. पुढच्या काळात गॅस आला, विजेच्या शेगड्या आल्या, गरम पाण्याच्या नळ्यांनी सगळे घर तापवण्याची पद्धत आली. १९६१ साली पार्कर मॉरिस समितीचा घरबांधणीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. अधिक जागा आणि चांगली ऊब, या दोन गोष्टींवर त्याचा भर होता. सगळे घर उबदार असेल तर मुलाला अभ्यासाला वेगळ्या खोलीत बसता येते, हा त्यामागचा साधा विचार. १९६९ पासून ही मानके नगरपालिकांच्या सर्व नव्या घरांना लागू झाली.

आता अभियंत्याच्या नजरेने पाहू. उघड्या आगीजवळ उष्णता जास्त, दूर जावे तशी झपाट्याने कमी. बिंदूवत स्रोतापासूनची प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुम्ही शिकला आहात. अंतर दुप्पट, तीव्रता पाव. याचा अर्थ शेकोटीच्या खोलीत उष्णतेचा एक उतार असतो, आणि उताराच्या तळाशी जसे पाणी जमते तशी माणसे आगीपाशी जमतात. त्यांना बोलवावे लागत नाही. भांडण झाले असले तरी थंडी त्यांना एकत्र आणून बसवते.

सगळे घर एकसारखे तापले की हा उतार नाहीसा होतो. खोलीचा प्रत्येक कोपरा सारखाच बरा. एकत्र बसण्याचे कारण उरत नाही. बसायचे तर ठरवून बसावे लागते. आपल्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे: केंद्रस्थान ही आधी उताराची बाब आहे, शोभेची नंतर.

५. रिकाम्या भिंतीसमोर रांग

शेकोटी बंद झाली, पण चिमणीचा भिंतीतून पुढे आलेला भाग, वरची फळी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे तसेच राहिले. बसायच्या जागाही तिकडेच तोंड करून राहिल्या. अनेक घरांनी त्या पोकळीत विजेची शेगडी बसवली, आणि तिच्यात खोटे निखारे ठेवून त्यांच्या खाली लाल दिवा लावला. उष्णतेशी त्या दिव्याचा काही संबंध नव्हता. लोकांना निखारे दिसायला हवे होते.

याच सुमारास दुसरी वस्तू खोलीत आली. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक टीव्हीवर दाखवला गेला. तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे २७ लाख संच होते आणि प्रेक्षक दोन कोटींहून अधिक. भागाकार तुम्हीच करा. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे एका संचासमोर दाटीने बसले होते. टंचाईने पुन्हा उतार तयार केला होता, या खेपेस चित्राचा.

मात्र एक फरक होता. आगीकडे सतत पाहावे लागत नाही. आग पाठीशी, बाजूला, कुठेही चालते. तिच्या उजेडात समोरच्याचा चेहरा दिसतो. टीव्हीचा पडदा नजर मागतो आणि समोरूनच नीट दिसतो. म्हणून अर्धवर्तुळ हळूहळू उलगडून सरळ रांग झाले. लोक एकत्र होते, पण एकमेकांच्या शेजारी, समोरासमोर नव्हे.

या दोन गोष्टींची गाठ पडल्याचा एक गमतीदार प्रसंग अमेरिकेत घडला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स या दूरचित्रवाणी केंद्राने नाताळच्या आदल्या संध्याकाळी फक्त जळणाऱ्या लाकडाच्या ओंडक्याचे चित्रण दाखवले, सोबत नाताळचे संगीत. शहरातील सदनिकांत राहणाऱ्या, फायरप्लेस नसलेल्या प्रेक्षकांसाठी ही भेट होती. ती इतकी आवडली की पुढे परंपराच झाली. पडद्यावरच्या त्या ओंडक्याने एक अंशही ऊब दिली नाही. तरी लोकांना तो हवा होता, कारण त्या एका संध्याकाळी टीव्ही काहीच मागत नव्हता. त्याच्याकडे पाठ करून गप्पा मारता येत होत्या.

६. चिमणी कधीच नव्हती असा थंड देश

आतापर्यंतच्या कथेवरून वाटेल की थंड प्रदेशात चिमणी येणारच. जपान हा त्याला अपवाद आहे. जपानच्या जुन्या ग्रामीण घरांत जमिनीत चौकोनी खळगा असे. त्याला इरोरी म्हणतात. राखेने भरलेल्या खळग्यात आग, वर छपरापासून लोंबणाऱ्या आकड्याला अडकवलेली किटली. चिमणी नाही. धूर गवती छपरातून झिरपून जाई, आणि जाता जाता गवत कोरडे ठेवून किडीपासून वाचवी. शिराकावा-गो या १९९५ पासून जागतिक वारसा असलेल्या गावात अशी उंच गवती छपरांची घरे आजही पाहायला मिळतात.

इरोरीच्या चारही बाजूंच्या जागा ठरलेल्या असत: एक कुटुंबप्रमुखाची, एक पाहुण्याची, एक घरच्या बाईची, आणि सरपण ठेवायच्या बाजूची सर्वांत खालच्या मानाची. म्हणजे वर्तुळात बसणे म्हणजे समानता, असे समजू नका. केंद्र माणसांना एकत्र आणते, तसेच त्यांची उतरंडही दाखवते. गेल्या काळाविषयी हळवे होताना हे विसरू नये.

बैठकीच्या खोलीसाठी जपानी लोकांनी आणखी एक युक्ती शोधली: तोकोनोमा. मुरोमाची काळात, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकात घडत गेलेला हा एक उथळ कोनाडा. त्यात एक लांब चित्रपट्टी किंवा सुलेखन, खाली एखादे फूल. ऋतूनुसार दोन्ही बदलतात. कोनाड्यात कोणी पाय ठेवत नाही. खोलीतील बाकीचे सगळे जवळपास रिकामे.

गंमत पुढे आहे. सर्वांत मानाच्या पाहुण्याला तोकोनोमाच्या सर्वांत जवळ, पण त्याच्याकडे पाठ करून बसवतात. खोलीतील सुंदर वस्तू पाहुण्याला दिसत नाही! ती दिसते बाकीच्यांना, आणि तिच्यापुढे बसलेला पाहुणाही दिसतो. यजमान आपल्या वस्तूचा बडेजाव करत नाही, आणि सगळ्यांची नजर माणसाच्या चेहऱ्यावर येते. इथे उष्णतेचा उतार नाही, तरी केंद्र आहे. ते रिवाजाने राखलेले केंद्र आहे. चिमणीविना केंद्र कसे करावे, याचे मला माहीत असलेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर हेच आहे.

७. आपल्याकडे: ऊब नव्हे, वारा आणि उजेड

भारतातील डोंगराळ भागांत आगीभोवतीचे घर आजही ओळखीचे आहे. लडाखच्या जुन्या घरात मोठ्या स्वयंपाकघरातच पाहुणे बसतात. एका बाजूला सजवलेली शेगडी आणि भिंतीवरच्या मांडणीत ओळीने लावलेली तांब्यापितळेची भांडी. अरुणाचल प्रदेश आणि नागालँडमधील अनेक समाजांच्या घरांत मध्यभागी चूल असते आणि तिच्यावर टांगलेल्या मांडवीवर मांस व धान्य सुकते. काश्मिरी माणसाने तर केंद्रच उचलून घेतले: कांगडी फेरनच्या आत घेऊन तो कुठेही बसू शकतो. हातातला फोन ही आजची कांगडी आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

बाकीच्या बहुतेक देशात मात्र अडचण उकाड्याची होती. चूल स्वयंपाकघरात गेली, आणि बैठकीने आपला उतार दुसरीकडे शोधला. केरळच्या नालुकेट्टु घरात चार सोपे एका उघड्या चौकाभोवती येतात. वारा, उजेड आणि पाऊस तिथूनच घरात शिरतात. महाराष्ट्रातील वाड्याचा चौकही तेच काम करतो. अहमदाबादच्या पोळांतील घरांत हिंचको आणि मराठी घरांत झोपाळा हे बैठकीचे खरे मानकरी. झोपाळा हा एक प्रकारचा पंखाच आहे. पंख्यात माणूस स्थिर राहतो आणि हवा हलते. झोपाळ्यात हवा स्थिर राहते आणि माणूस हलतो. शिवाय झोपाळ्यावरच्या माणसाला दोन्हीकडून बोलता येते. त्याला समोरची भिंत लागत नाही.

सूर्य मावळल्यावर दुसरा उतार सुरू होई, तो उजेडाचा. मराठीत ‘चिमणी’ हा शब्द पाखराला लागतो, धुराड्याला लागतो आणि रॉकेलच्या छोट्या दिव्यालाही लागतो. चिमणी किंवा कंदील लागला की अभ्यास, निवडटिपण, हिशेब, शिवणकाम सगळे त्याच्या भोवती येई, कारण वर्गव्यस्ताचा नियम इथेही तोच. युरोपातील घरात जे काम शेकोटी करत होती ते आपल्या घरात एका दिव्याने केले. वीज आली, नळीचा लख्ख उजेड खोलीभर सारखा पसरला, आणि हाही उतार संपला.

मग आवाज आणि चित्र आले. पन्नास-साठच्या दशकांत रेडिओला घरात मानाची फळी होती. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. तिथे केंद्र घरात नव्हते, गावात होते. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी शाळेच्या खालच्या वर्गात होते. आमच्या चाळीत दोनच संच होते. चपलांचा ढीग ज्या दारात, त्या घरात टीव्ही आहे हे नवख्यालाही कळे.

८. आजची चिमणी: भिंतीवरचा टीव्ही पॉइंट

आजच्या सदनिकेत ‘चिमणी’ म्हटले की गॅसच्या शेगडीवरचे धूर ओढणारे यंत्र. बैठकीच्या खोलीत चिमणी नाही. पण चिमणीसारखी एक गोष्ट आहे. इमारतीच्या विद्युत आराखड्यात दिवाणखान्याच्या एका भिंतीवर टीव्हीसाठी जागा आखलेली असते: वीज, केबल, सगळे तिथेच. शेकोटीची जागा गवंडी ठरवी. आता ही जागा आराखडा काढणारा ठरवतो, आणि त्या घरात कोण राहणार हे त्याला ठाऊक नसते.

मापेही तेच ठरवतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आणि किमान रुंदी २.४ मीटर. या रुंदीतून सोफ्याची ०.८५ मीटर आणि टीव्हीखालच्या कपाटाची ०.४ मीटर वजा करा. उरतात १.१५ मीटर, म्हणजे जाण्यायेण्याची वाट. अशा खोलीत अर्धवर्तुळ बसतच नाही. रांगच बसते.

माझ्या घरातील उदाहरण देते. वडील आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना एका कानाने कमी ऐकू येत होते. सोफा टीव्हीसमोर, त्यांची खुर्ची सोफ्याच्या टोकाला. त्यांना आमचे चेहरे बाजूने दिसत, ओठ दिसत नसत. ते हळूहळू बोलायचे थांबले. आम्हाला वाटले, वयाचा परिणाम. एकदा विद्यार्थ्यांचे आराखडे तपासताना मी आमच्याच खोलीचा आराखडा काढला, आणि लक्षात आले की त्यांच्या टिंबाकडे एकही बाण येत नव्हता. सोफा काटकोनात वळवून खिडकीशी लावला, मधे एक बुटके टेबल ठेवले, त्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडली. टीव्ही होता तिथेच राहिला. तो आता तिरका दिसतो. वडील पुन्हा बोलू लागले. खर्च शून्य. तोकोनोमाविषयी मी तेव्हा वाचलेले नव्हते, पण आम्ही केले ते तेच होते.

९. मग केंद्र कसे तयार करावे?

इतिहासातून हाती येणारी सूत्रे अशी:

(अ) आधी माणसे, मग भिंत. कोण कोणाच्या समोर बसणार हे ठरवा. चित्र, आरसा, रंग यांचा विचार त्यानंतर.

(आ) घरात उरलेला उतार शोधा. खिडकीतील वारा, सकाळचे ऊन, बाल्कनीतून दिसणारे झाड, चहाचे टेबल. सगळीकडे सारखा उजेड देणाऱ्या नळीऐवजी संध्याकाळी एकच दिवा बसायच्या जागेजवळ लावून पाहा. माणसे तिकडे सरकतात.

(इ) नजर न मागणारी वस्तू निवडा. झोपाळा, पुस्तकांची मांडणी, फुलदाणी, कुंडी. जिच्याकडे पाठ करता येते ती वस्तू चांगले केंद्र होते.

(ई) ती बदलती ठेवा. आग क्षणोक्षणी बदलते, तोकोनोमा ऋतूनुसार. कायमचे टांगलेले चित्र काही दिवसांनी दिसेनासे होते.

(उ) सर्वांत मानाची जागा कोणाची, हे स्वतःला विचारा. जुन्या घरांत याचे उत्तर वय, लिंग आणि पैसा यांनी ठरे. तुमच्या घरात ते ज्याला ऐकू कमी येते, ज्याला उठताना त्रास होतो, त्याच्या बाजूने ठरू शकते.

१०. सारांश

मध्यभागी असलेली आग वर्तुळ करत होती. चिमणीने तिला भिंतीत नेले आणि अर्धवर्तुळ झाले. टीव्हीने रांग केली. फोनने विखुरलेली टिंबे केली. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी चांगलेही मिळाले आहे: धूर गेला, मुलाला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, उकाडा आणि अंधार यांची सक्ती संपली. परत मागे जाण्याची गरज नाही. पूर्वी थंडी आणि अंधार जे काम करत होते ते आता आपल्याला ठरवून करावे लागेल, एवढेच.

तुमच्यापैकी काही जण उद्या घरांचे आराखडे काढतील, आणि सगळेच कधी ना कधी एखाद्या भाड्याच्या खोलीत सामान मांडतील. तेव्हा टीव्हीची जागा आखण्याआधी बाणांचा हा कागद एकदा काढा.

स्वाध्याय

१. सुरुवातीस काढलेल्या आराखड्यात कोणाच्या टिंबाकडे एकही बाण येत नाही, ते शोधा. एकच वस्तू हलवून हे बदलता येईल का?

२. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा: त्यांच्या लहानपणी संध्याकाळी घर कशाभोवती बसत होते, आणि कोणाला तिथे बसण्याची मुभा नव्हती?

३. इरोरी आणि तोकोनोमा यांतील फरक ‘उतार’ या कल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.

४. २.४ मीटर रुंदीच्या खोलीत चार माणसे समोरासमोर बसतील अशी मांडणी मापांसह काढा.